ओड्नी, तीन फरश्या आणि सहा-चाळीसची बोट

ओड्नी स्कोग्लीला एका जागी बसवणं आमच्या बेटावर कुणाला जमलेलं नव्हतं. कॉफी द्या, ती उभ्यानेच प्यायची, कप विसळायची आणि तुमच्या मोरीचा नळ गळतोय एवढं सांगून निघायची. एकोणिसाव्या वर्षी एका हंगामापुरती मासे कापायला म्हणून ती नॉर्वेतल्या या स्कारवॉय बेटावर आली आणि आर्विडशी लग्न करून इथलीच झाली. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. आर्विड मासेमारीच्या बोटीवर, ती बादली घेऊन जमिनीवर. सकाळी तोरलेइफच्या मासळी कारखान्यातली जेवणाची खोली, दुपारी शाळा, संध्याकाळी माझं दुकान. बेटावर माणसं एकशे ब्याण्णव, आणि ओड्नीच्या हाताखालून न गेलेली फरशी फक्त चर्चची. तिथे पाद्रीणबाई स्वतः पुसतात. वाईट पुसतात, असं ओड्नीचं मत आहे.

मी मोलफ्रिद. दुकान माझं. माझा स्वभाव तापट आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको.

तीन वर्षांपूर्वी आर्विडला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि सगळी बोली जाऊन एकच शब्द उरला, ‘बरं’. शाळेमागे आमचा चार खाटांचा दवाखाना आहे, तिथली खिडकीजवळची खाट त्याची. एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर जाताना ओड्नी दिवसातून चार वेळा तिथे डोकवायची. दाढी करायची, भरवायची, कुणाच्या जाळ्यात किती कॉड लागले ते सांगायची. तो म्हणायचा, “बरं.” आम्हाला ते सगळे ‘बरं’ सारखेच वाटायचे. ओड्नीला मात्र कळायचं, हे ‘बरं’ म्हणजे पाणी हवंय, हे म्हणजे पाय दुखतोय, आणि हे म्हणजे जाऊ नकोस.

मग त्या शरद ऋतूत बातमी आली की आमच्या रोजच्या बोटीच्या फेऱ्या कमी होणार. सकाळची एकच फेरी राहील, आणि तीही राहील की नाही ते पालिका ठरवेल. पालिकेचं कार्यालय पलीकडे मुख्य भूमीवर, ब्रेनसुंदला. तिथल्या लोकांना आमचं बेट नकाशावर पडलेल्या कॉफीच्या थेंबाएवढं दिसतं.

बेटावर ज्यांचं ऐकलं जातं असे आम्ही तिघं. तोरलेइफ, कारखान्याचा मालक, ज्याचा आवाज धक्क्यापासून टेकडीपर्यंत जातो. हालगेर, मुख्याध्यापक, जो प्रत्येक वाक्याआधी ‘तत्त्वतः’ लावतो. आणि मी. आम्ही तिघांनी पालिकेला पत्रं लिहिली, पण वेगवेगळी आणि एकमेकांना न सांगता. तोरलेइफला बोट सहाला सुटायला हवी होती, म्हणजे ताजी मासळी वेळेत बाजारात पोचते. हालगेरला ती आठला इकडे यायला हवी, कारण त्याचे दोन शिक्षक पलीकडून येतात. मला अकराला हवी, कारण माझा मालाचा ट्रक तेव्हा पलीकडच्या धक्क्यावर लागतो. प्रत्येकाने आपलं खरं आणि बाकीच्या दोघांचं कसं गैरसोयीचं, ते नीट समजावून लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात ओड्नीने मला शनिवारी चार वाजता दवाखान्यात वॉफल खायला बोलावलं. आर्विडचा वाढदिवस असेल असं मला वाटलं. आत गेले तर एका बाजूला तोरलेइफ आणि एका बाजूला हालगेर, मध्ये पलंगावर आर्विड, आणि ओड्नी वॉफलच्या यंत्रापाशी उभी.

“बसा,” ती म्हणाली. “तोरलेइफ, तुला बोट सहाला हवी. हालगेर, तुला आठला. मोलफ्रिदला अकराला. तिन्ही कागद पालिकेतल्या एकाच बाईच्या टेबलावर जाणार. ती काय म्हणेल? म्हणेल, यांचं यांनाच ठरवता येत नाही, तर बोटच कशाला हवी!”

हालगेरचा चेहरा पडला. “तू आमची पत्रं वाचलीस?”

“वाचली कशाला? टेबल पुसताना दिसली. तुझं दोन पानी होतं, म्हणून टेबल दोनदा पुसावं लागलं.”

मग आम्ही भांडलो, आणि मनसोक्त भांडलो. तोरलेइफ ओरडला, “कारखाना बंद पडला तर तुझ्या वर्गात कोण बसणार रे? सीगल?” हालगेर म्हणाला, “तत्त्वतः, शाळा बंद पडली तर तुझे कामगार पोरं कुठे ठेवतील? बर्फाच्या खोक्यात?” मी दोघांना सांगितलं की माझं दुकान बंद झालं तर तुम्ही एकमेकांना खा. ओड्नी शांतपणे वॉफल उलटत होती.

“भांडा,” ती म्हणाली. “फक्त आर्विडच्या पलंगाला धक्का लावू नका. झालं की सांगा.”

आमचा दम संपल्यावर तिने सांगितलं. मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर सकाळच्या बोटीने येतो. म्हाताऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्या त्याच बोटीने तपासायला जातात. मासळीची बोट बंद करताना कुणी मागेपुढे बघणार नाही, दुकानाची तर नाहीच, पण आजाऱ्यांची बोट बंद करायला पालिकेतली बाईसुद्धा कचरते. मग सगळ्यांनी आपापलं काम त्याच एका बोटीला बांधून घ्यावं.

इतकं साधं होतं ते. तीन फरश्या पुसणाऱ्या बाईला दिसलं, आणि खुर्चीवर बसणाऱ्या आम्हा तिघांना दिसलं नाही याची मला अजून लाज वाटते.

आर्विडच्या ताप लिहायच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही वेळा मांडल्या. बोट सहा-चाळीसला सुटेल, मासळी आणि रक्त घेऊन. आठला परत येईल, डॉक्टर, शिक्षक आणि माझं दूध-पाव घेऊन. माझ्या ट्रकवाल्याला मी लवकर यायला लावेन, तो शिव्या देईल, देऊ दे. कारखान्यातल्या आईबापांना पहाटे कामावर जायचं असतं, म्हणून हालगेर शाळेचं दार सातला उघडेल आणि मुलांना तिथेच नाश्ता मिळेल. पाव माझा, मासा तोरलेइफचा, वाढायला ओड्नी.

“बरं,” आर्विड म्हणाला.

“तो म्हणतोय, आता सह्या करा,” ओड्नी म्हणाली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पालिकेला आमचा एकत्र अर्ज आवडला होता. सहा-चाळीसची बोट मंजूर, पण एका अटीवर. दवाखाना चालू असेल तोवरच.

आम्ही दुकानात केक कापला. ओड्नीने उभ्यानेच खाल्ला. आणि आठच दिवसांत नर्सने राजीनामा दिला.

नर्स म्हणजे वित्स्के. हॉलंडहून नवरा हार्मेन आणि तीन मुलांना घेऊन दहा महिन्यांपूर्वी आली होती. ती गेली की दवाखाना बंद, दवाखाना बंद की बोट बंद. तिच्या तीन मुलांमुळे शाळेत बारा मुलं होती. ती गेली तर नऊ उरणार, आणि दहाच्या खाली शाळा बंद. हार्मेन कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा, म्हणजे तोरलेइफचंही घोडं तिथेच अडणार. सगळं एकाच बाईच्या राजीनाम्यावर लटकलं.

आता आम्ही तिघं एवढे जिगरी दोस्त झालो की विचारू नका. रोज भेटायचो. तोरलेइफने वित्स्केच्या घराच्या छपराचे पत्रे बदलून दिले. हालगेरने तिच्या मोठ्या मुलीसाठी शाळेची पियानोची खोली उघडली. मी डच लोक पावावर पसरून खातात तो चॉकलेटचा भुगा मागवून फळीवर ठेवला, अगदी दारासमोर. आम्ही याद्या केल्या, तर्क केले. तिला थंडी सोसत नसेल. नवऱ्याला अंधार सोसत नसेल. सासू आजारी असेल.

तिला विचारलं मात्र कुणीच नाही.

हे बाहेरच्यांना सांगितलं तर हसतील. पण आमच्याकडे माणसाला त्रास द्यायचा नाही, ही रीत आहे. नवीन माणूस आला की त्याला सुखाने राहू द्यायचं. चांगला मासा मिळाला तर पिशवीत घालून दाराच्या मुठीला टांगायचा आणि दार न वाजवता निघून यायचं. दार वाजवलं म्हणजे त्याला उठावं लागेल, कॉफी करावी लागेल, आभार मानावे लागतील. कशाला? माझी आई गेली तेव्हा माझ्या दाराला एका दिवसात अकरा पिशव्या होत्या. मी एकेक उघडत गेले आणि रडत गेले. त्याहून मोठी माया मला माहीत नाही.

ओड्नी त्या दिवसांत अगदी सैरभैर झाली. वित्स्के तिला दवाखान्यात रोज दिसायची. दोघी आर्विडच्या पायांबद्दल, औषधांबद्दल बोलायच्या आणि त्यापुढे काही नाही. ओड्नीची बादली जाईल तिथे खडखडायची. एका संध्याकाळी तिने माझी फरशी पुसली, बादली ओतली, पुन्हा भरली आणि तीच फरशी पुन्हा पुसायला लागली.

“अगं, पुसलीस ना आत्ता!”

ती थांबली नाही. “त्याला ब्रेनसुंदला नेतील. तासभर कुणाच्या तरी मासेमारीच्या बोटीत, वर तासभर बस. मी रविवारी जाईन, मोलफ्रिद. फक्त रविवारी. तो तिथे ‘बरं’ म्हणेल, आणि तिथल्या पोरी म्हणतील, वा, म्हातारा खूश आहे! कुणाला कळणार नाही त्याला पाणी हवंय ते.”

मी बादली बाजूला सरकवली. “मग सांग ना तिला हे.”

“तिला कसं सांगू? तिच्या आयुष्याचं तिने ठरवायचं. मी कोण मध्ये पडणारी?”

“हो,” मी म्हणाले, “तेही खरंच.”

आणि मी तिला पुसू दिलं. दुकान मोठं, आवाज मोठा, आणि अक्कल तेव्हा नेमकी गहाण पडली होती.

राजीनाम्याच्या मुदतीचा महिना संपायला नऊ दिवस उरले होते. भर दुपारी ओड्नी शाळेची फरशी अर्धी सोडून बाहेर आली. फडकं हातातच. मी दुकानाबाहेर मिठाची पोती लावत होते. ती माझ्यासमोरून टेकडीच्या रस्त्याला लागली. चव्वेचाळीस वर्षांत तिने अर्धी फरशी कधी सोडली नव्हती. मी पोतं टाकलं आणि तिच्यामागे धावले.

“कुठे चाललीस?”

“तुला यायचं तर ये. मध्ये बोलू नकोस.”

वित्स्केच्या दारापुढे ती उभी राहिली. हात वर केला, खाली घेतला, परत वर केला. शेवटी वाजवलं. दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, “मासा नको! आमचा फ्रीज भरलाय!”

वित्स्केने दार उघडलं. मागे खोकी रचलेली दिसत होती. आम्हाला बघून ती जागीच थबकली.

“मासा नाहीये,” ओड्नी म्हणाली. “आत येऊ?”

“तुम्ही… आत?” तिची नॉर्वेजियन चांगली होती, पण त्या वेळी अडखळली. “अकरा महिन्यांत या घरात कुणी आलेलं नाही. मी मोजलंय. सदतीस वेळा दाराला मासा लटकला. कुणी दार वाजवलं नाही. मुलं विचारतात, आई, आपण मांजरं आहोत का? बाहेर खायला ठेवतात आणि पळून जातात!”

मी तोंड उघडलं. ओड्नीने माझ्या पायावर पाय दिला.

“त्यातले नऊ मासे माझे होते,” ती म्हणाली. “चांगले होते. काटे काढलेले होते.”

“हो,” वित्स्के म्हणाली. “होते खरे.” आणि तिचे डोळे भरून आले. “कोट काढ. बस.”

ओड्नीने कोट काढला नाही, पण ती बसली. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

“वित्स्के, तू जाऊ नकोस,” ओड्नी म्हणाली. फडकं तिने दोन्ही हातांत पिळून धरलं होतं. “बोटीचं, शाळेचं तुला हे लोक सांगतील. मी माझ्यापुरतं सांगते. तू गेलीस तर आर्विडला नेतील. मला तो रोज लागतो. दिवसातून चार वेळा लागतो. म्हणून थांब. माझ्यासाठी थांब.”

आमच्या बेटावर असं बोलणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

वित्स्केने समोरचं खोकं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “आणि आर्विड गेल्यावर? तेव्हा येशील इथे? की तेव्हा पुन्हा मासा?”

असा प्रश्न आमच्यातलं कुणी विचारणार नाही. जीभ झडेल. पण डच माणसं मनातलं सरळ टेबलावर ठेवतात.

“माहीत नाही,” ओड्नी म्हणाली.

“निदान खोटं तरी बोलली नाहीस.” वित्स्केने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं. “मला शनिवारची सुट्टी हवी होती, एवढंच. अकरा महिन्यांत एकही शनिवार मुलांबरोबर मिळाला नाही. मी वाट बघत होते, कुणीतरी विचारेल, कशी आहेस. मग म्हटलं, यांना आपण नकोच आहोत.”

एक शनिवार! आम्ही पत्रे बदलले, पियानो उघडला, हॉलंडहून चॉकलेटचा भुगा आणला. कारखान्यात एक बाई होती जिने पूर्वी वृद्धाश्रमात काम केलं होतं. तिला विचारायला तोरलेइफला एक मिनिट लागलं, आणि ती शनिवारी यायला लगेच कबूल झाली.

वित्स्केने एक वर्षासाठी राजीनामा मागे घेतला, पण दोन गोष्टी मागून. आमच्या बैठकीत तिला खुर्ची, आणि ओड्नीने दर गुरुवारी चार वाजता तिच्याकडे यायचं, बसायचं, रिकाम्या हाताने. खुर्ची आम्ही लगेच दिली. पहिल्याच बैठकीत तिने हालगेरला विचारलं, “तत्त्वतः म्हणजे हो की नाही?” गुरुवार मात्र ओड्नीला जड गेले. पहिल्यांदा ती कोट घालूनच बसली. नाताळपर्यंत कोट खुंटीवर गेला होता.

मार्चमध्ये आर्विड गेला. आपल्याच खाटेवर, सकाळी दहाच्या सुमाराला, ओड्नी दाढी करत असताना. वित्स्के शेजारी होती. दाढी पूर्ण करूनच ओड्नी उठली, असं वित्स्केने सांगितलं.

सोमवारी दफन झालं. मंगळवार, बुधवार ओड्नी कुणाला दिसली नाही. तिन्ही फरश्या तशाच राहिल्या. तिच्या दाराला पिशव्या लागल्या, एक माझीही होती, आणि मी दार वाजवलं नाही. दुःखात तर त्रास देऊच नये, असं मी स्वतःला समजावलं.

गुरुवारी पावणेचारला तोरलेइफ दुकानात आला. काही घेतलं नाही. पाठोपाठ हालगेर आला. त्यानेही काही घेतलं नाही. तिघं खिडकीशी उभे राहिलो. वित्स्केच्या घराकडे जाणारा रस्ता तिथून दिसतो. तोरलेइफ नाण्यांशी चाळा करत होता, हालगेर चष्मा पुसत होता, मी मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते. वित्स्केचं एक वर्ष उन्हाळ्यानंतर संपणार होतं. आता इथे तिला कोण धरून ठेवणार, हे तिघांच्याही मनात होतं.

चारला तीन मिनिटं कमी असताना ओड्नी आली. डोकं उघडं, हात रिकामे. हळूहळू चढत होती, एवढी हळू चालताना मी तिला कधी पाहिलेली नव्हती. वर पोचली, दार वाजवलं आणि आत गेली.

तोरलेइफने मोठा श्वास सोडला. “चला,” तो म्हणाला, “म्हणजे सहा-चाळीसची बोट वाचली.”

माझं डोकं असं फिरलं की काउंटरवरचं वजन त्याच्या अंगावर फेकावं. बाईचा नवरा सोमवारी मातीत गेला आणि हा बोट मोजतोय! शब्द ओठांवर आले होते. पण मग मी त्या खिडकीत काय बघत होते? तिला घर नको वाटत असेल, रात्री झोप येत नसेल, म्हणून बघत होते? तीन दिवसांत एकदा तरी तिचं दार वाजवलं होतं का मी?

वजन मी जागेवरच राहू दिलं. एप्रन काढून काउंटरवर टाकला.

“अगं, दुकान?” हालगेर म्हणाला.

“सांभाळ तू. तत्त्वतः.”

टेकडी चढताना मला धाप लागली. आतून बोलण्याचा आवाज येत होता. मी एकदा हात वर केला, खाली घेतला. मग वाजवलं. दार ओड्नीनेच उघडलं. डोळे सुजलेले होते. माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

“काय हवंय तुला?” तिने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “तू कशी आहेस?”